लेकराची लस : विचारा, पाहा, मग टोचा



आज आपण लेकरांच्या लसीविषयी बोलू.

लस टोचली की कधी ताप येतो. लेकरू रात्रभर रडते. दुसऱ्या दिवशी आईची मजुरी बुडते. मग ती म्हणते, "चांगलं हसतंखेळतं पोर. सुई टोचून दुखणं कशाला विकत घ्यायचं?" आपल्या बुलढाणा जिल्ह्यात मेहकरला जा, मोताळ्याला जा, संग्रामपूरला जा, असे म्हणणारे कोणी ना कोणी भेटतेच.

हे म्हणणे अडाणीपणाचे नाही. कपाशीचे बी घेताना आपण दुकानदाराला दहा प्रश्न विचारतो. मग लेकराच्या अंगात काय जाते, ते का विचारू नये? जरूर विचारावे. पण उत्तरही पुरते ऐकावे.

लस म्हणजे काय? रोगाचे जंतू दुबळे करतात, किंवा मारतात, किंवा त्यांचा थोडासा भाग घेतात. त्याची लस होते. ती अंगात गेली की शरीर त्या रोगाला ओळखू लागते. पुढे खरा रोग आला, तर शरीर आधीच तयार असते. ही तयारी चालू असताना एक-दोन दिवस ताप येऊ शकतो. टोचल्या जागी सूज येते. ती आपोआप उतरते.

जुनी माणसे आठवा. कुणाच्या तोंडावर देवीचे वण होते, कुणाचा डोळा गेलेला होता. घरोघरी देवीने लेकरे जात. मुंबईत १८०२ साली ॲना डस्थॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली. आपल्या देशातली ती पहिली लस. तेव्हाही लोक भ्यायले. पुढे गावात देवी डॉक्टर आला की आया लेकरे लपवून ठेवीत. पण टोचणे थांबले नाही. १९७५ साली देशातला देवीचा शेवटचा रोगी सापडला. १९८० साली साऱ्या जगातून देवी गेल्याचे जाहीर झाले. आज लेकरांना देवीची लस टोचावीच लागत नाही. रोगच उरला नाही!

पोलिओचेही तसेच. १९९५ साली देशभर पोलिओचे डोस देण्याची मोहीम सुरू झाली. तेव्हा कुणी म्हणाले, "या डोसाने पुढे मूल होत नाही." आता हिशेब करा. तेव्हा डोस घेतलेली पोरे आज आईबाप झाली आहेत. त्यांचीच लेकरे अंगणवाडीत येतात. देशातला जंगली पोलिओ विषाणूचा शेवटचा रोगी २०११ सालच्या जानेवारीत, पश्चिम बंगालमध्ये सापडला.

आणखी एक अफवा आहे. लसीने मूल मतिमंद होते, बोलेनासे होते, असे म्हणतात. ही विलायतेतून आली. १९९८ साली तिथल्या एका डॉक्टराने अवघ्या बारा मुलांवरून लिहिले, की गोवराच्या लसीचा आणि स्वमग्नतेचा संबंध असावा. पुढे तपास झाला. त्याचे लिखाण खोटे ठरले. छापणाऱ्या मासिकाने २०१० साली ते मागे घेतले. डेन्मार्क देशात साडेसहा लाखांहून अधिक मुले वर्षानुवर्षे तपासली. लसीने स्वमग्नता येते, असे दिसले नाही.

मग चूक कधी होतच नाही काय? होते. ती लपवू नये. आपल्याच विदर्भातली गोष्ट घ्या. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या एका गावी बारा लेकरांना पोलिओच्या डोसाऐवजी हात धुण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. लेकरांना उलट्या झाल्या. त्यांना दवाखान्यात नेले. नशीब, लेकरे वाचली. या कामावर असलेल्यांवर कारवाई झाली.

या गोष्टीतून काय घ्यावे? लस वाईट, असे नव्हे. लस तर त्या लेकरांच्या पोटात गेलीच नव्हती! चूक हाताची होती. बाटली कुणी पाहिली नव्हती. म्हणून आपण पाहावे.

आता तुम्हाला वाचता येते. त्या वाचण्याचा इथे उपयोग करा. बाटली दाखवा म्हणावे. नाव इंग्रजीत असले, तर वाचून दाखवा म्हणावे. मुदतीची तारीख पाहावी. बाटलीवर एक गोल असतो आणि गोलात चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिका असेल, तर लसीला उन्हाची झळ लागलेली नाही. चौकोन गोलाएवढा किंवा त्याहून गडद झाला असेल, तर ती लस घेऊ नये. सुई नवी, बंद पाकिटातली असावी.

नर्सबाईंनी चार गोष्टी सांगायच्या असतात. ही लस कोणत्या रोगाची? हिने काय त्रास होईल, आणि झाला तर काय करावे? पुढची लस केव्हा? आणि कार्ड जपून ठेवा. सांगितल्या नाहीत, तर तुम्ही विचारा. विचारण्यात भांडण नाही.

लेकराला जोराचा ताप असेल, किंवा मागच्या लसीने फार त्रास झाला असेल, तर टोचण्याआधी सांगावे. साध्या सर्दीसाठी लस चुकवू नये. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसावे. क्वचित एखाद्या लेकराला जास्त त्रास होतो. धाप लागली, झटका आला, लेकरू सुस्त पडले, तर लगेच दवाखाना गाठावा. आशाताईंनाही कळवावे. अशा त्रासाची नोंद व्हायला हवी.

आणि न टोचण्यातही धोका आहे, हे विसरू नका. २०२२ साली मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली. लेकरे दगावली. आजारी पडलेल्या पुष्कळ लेकरांना लस टोचलेली नव्हती. गोवराची पहिली लस नऊ महिन्यांनंतर देतात. त्याआधीच्या तान्ह्या बाळाला कोण वाचवणार? घरातली आणि शेजारची टोचलेली मोठी पोरे! त्यांच्यात गोवर आला नाही, तर बाळापर्यंत पोचत नाही. म्हणून तुमच्या लेकराची लस ही शेजारणीच्या बाळाचीही राखण आहे.

ऊसतोडीला जा, वीटभट्टीवर जा, लसीचे कार्ड सोबत न्या. लस कोणत्याही सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. एखादी लस चुकली, तर सारे बुडाले असे समजू नका. कार्ड दाखवा, राहिलेली लस विचारा.

आज घरी गेल्यावर एवढे करा. पेटीतले कार्ड काढा. लेकराच्या नावापुढे कोणत्या तारखा भरल्या आहेत आणि कोणत्या कोऱ्या आहेत, ते स्वतः वाचा. कोऱ्या जागा दिसल्या, तर येत्या लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत या. येताना आपले प्रश्नही घेऊन या.