वाचवलेला पैसा कोणाचा?

(बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आज मला विषय दिलाय, 'कूपनं वापरून वाणसामानात बचत कशी करावी'. काटकसर कशी करायची हे तुम्हांला शिकवण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. भाजीवाल्याकडून कढीपत्ता वरती मागून घेणाऱ्या आणि तेलाची पिशवी निथळून उलटी ठेवणाऱ्या बायका इथे बसल्या आहेत. मी दोन गोष्टी बोलणार आहे. कूपनामुळे खरंच किती वाचतं, ते मोजायचं कसं? आणि वाचलेला पैसा जातो कुठे?

आधी हे कूपन आलं कुठून ते पाहू. 1887 साली अमेरिकेत अटलांटा शहरात कोका-कोलाच्या मालकांनी चिठ्ठ्या वाटल्या. चिठ्ठी दाखवा आणि एक पेला फुकट प्या. लोकांना चव लागावी आणि दुसरा पेला त्यांनी पैसे देऊन प्यावा, हा त्यातला हिशेब. आज ती चिठ्ठी साबणाच्या पाकिटावर छापलेली असते, बिलाच्या मागे असते, नाहीतर मोबाईलवर कोड म्हणून येते. हिशेब तोच आहे. कूपन हा कंपनीचा जाहिरातखर्च आहे. त्यातला थोडा आपल्या पदरात पडत असेल तर जरूर घ्यावा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण तो आपण मोजून घ्यावा.

मोजायचं कसं? पहिला नियम, यादी आधी आणि कूपन नंतर. समजा, घरातून यादी करून निघालात आणि सामान होतंय 1150 रुपयांचं. दुकानात पाटी आहे, 1500 च्या खरेदीवर 150 रुपये सूट. मग आपण 350 रुपयांचं आणखी काही टोपलीत टाकतो. बिल होतं 1350. घरी येऊन सांगतो, दीडशे वाचवले. प्रत्यक्षात ठरल्यापेक्षा 200 रुपये जास्त गेले. ते 350 चं सामान पुढच्या महिन्याच्या यादीतलंच असेल, म्हणजे तेल, साखर, कपड्यांचा साबण, तर फायदा झाला. सॉसची बाटली आणि नूडल्स असतील तर दुकानदाराचा झाला.

दुसरा नियम, पाकिटाची किंमत पाहू नका, ग्रॅमची पाहा. अडीचशे ग्रॅम चहा 140 रुपये, कूपनाने 15 कमी, म्हणजे 125. ग्रॅमला 50 पैसे पडले. शेजारी एक किलोचं पाकीट 480 ला आहे, त्यावर कूपन नाही. ग्रॅमला 48 पैसे. कूपनवालं पाकीट महागच पडलं. पूर्वी हा भागाकार आपल्याला डोक्यात करावा लागे. 2021 साली वेष्टनातल्या मालाचे नियम बदलले, आणि आता पाकिटावर कमाल किमतीबरोबर एका ग्रॅमचा किंवा एका किलोचा दरही छापावा लागतो. अक्षर बारीक असतं. चष्मा बरोबर न्या, लाजू नका. मात्र हा छापलेला दर पूर्ण किमतीवरचा असतो, कूपनाची सूट आपली आपण वजा करायची.

तिसरा नियम 'फुकट' या शब्दाबद्दल. फुकट ते पौष्टिक असं आपण हसत म्हणतो. पण 'फुकट' म्हणून दिलेल्या वस्तूची किंमत आपण घेतलेल्या मालाच्या किमतीतच पूर्ण किंवा थोडी धरलेली असेल, तर ती अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ग्राहक संरक्षणाच्या 1986 च्या कायद्यात हे होतं, 2019 च्या नव्या कायद्यातही आहे. मोबाईलवरच्या खरेदीत 'फक्त पाच मिनिटं उरली' अशी खोटी घाई करणं, किंवा आपण न निवडलेली वस्तू गुपचूप टोपलीत टाकणं, यालाही 2023 च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. तो डब्याच्या झाकणावर चिकटवून ठेवा.

चौथा नियम सगळ्यांत महत्त्वाचा, आणि तो कुठल्याही पाकिटावर छापलेला नसतो. आपला वेळ मोजा. कूपनं जपून ठेवायची, तारीख संपायच्या आत वापरायची, या दुकानातून साखर आणि त्या दुकानातून डाळ आणायची, रांगेत उभं राहायचं. हे काम आहे. घरात ते कोण करतं? 2024 साली केंद्र सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बाईचे दिवसाला सरासरी 289 मिनिटं त्यात जातात, पुरुषाची 88. म्हणजे बाईचे जवळजवळ पाच तास, पुरुषाचा दीड तास. कूपन या पाच तासांत भर घालतं. दीड तास घालवून चाळीस रुपये वाचले आणि रिक्षाला तीस गेले, तर आपल्या दीड तासाची मजुरी दहा रुपये झाली. एवढ्या पैशात आपण दुसऱ्या कुणाच्या घरी काम केलं असतं का?

आणखी एक गोष्ट बघा. जिला महिन्याचं सामान एकदम भरता येतं आणि जिच्या हातात स्वतःचा मोबाईल आहे, तिलाच कूपन मिळतं. रोजच्या मजुरीवर पाव किलो डाळ आणि दहा रुपयांचं तेल आणणारीला, वाण्याकडे उधारीची वही चालवणारीला कुठलं कूपन? ती सगळ्यांत महाग दराने खाते. म्हणून एकेकटीने कूपनं गोळा करण्यापेक्षा चौघींनी मिळून माल घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. मुंबई ग्राहक पंचायत 1975 पासून हेच करते. आसपासच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची यादी द्यायची, माल एकत्र येतो आणि सभासदच तो वाटून घेतात. आपले गटही हे करू शकतात. साखरेचं पोतं, तेलाचा डबा, तूरडाळ, साबण, एवढ्या चार वस्तूंपासून सुरुवात करा. दर महिन्याला दोघींनी बाजारात जायचं, बाकीच्यांची फेरी वाचली. पैसाही वाचला आणि वेळही.

आता दुसरा प्रश्न. वाचला तो पैसा गेला कुठे?

नवरा घरखर्चाला आठ हजार देतो. तुम्ही साडेसात हजारांत महिना काढता. ते पाचशे रुपये कोणाचे? बहुतेक घरांत ते मुलाच्या वहीत, पाहुण्यांच्या चहात, नाहीतर नवऱ्याच्या मोटारसायकलच्या पेट्रोलमध्ये जातात. नाहीतर डाळीच्या डब्यात. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या आणि असे कितीतरी डबे उघडावे लागले. माझ्या ओळखीच्या एकीच्या डब्यातून 18,400 रुपये निघाले. अकरा वर्षांची साठवण. घरातला पहिला प्रश्न होता, "हे आणलेस कुठून?" साठवलेस कसे, असं कुणी विचारलं नाही. तिचं स्वतःचं खातं नव्हतं, म्हणून पैसे नवऱ्याच्या खात्यात भरले. दोन वर्षांनी मुलीला नर्सिंगला घालायचं ठरलं, तेव्हा त्याच पैशांसाठी तिला हात पसरावा लागला. उत्तर मिळालं, "ते तर घरात खर्च झाले."

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. इंग्लंडमध्ये 1943 साली ब्लॅकवेल खटला गाजला. एका बाईने घरखर्चातून वाचवून सहकारी भांडारात शंभराहून थोडे अधिक पौंड साठवले होते. अपील न्यायालयाने सांगितलं, घरखर्चाचे पैसे नवऱ्याचे, तेव्हा त्यातली शिल्लकही नवऱ्याची. तिथल्या बायकांनी हे मुकाट्याने घेतलं नाही. 1964 साली कायदा झाला की वेगळं काही ठरलेलं नसेल तर अशी शिल्लक दोघांची निम्मी-निम्मी.

आपल्याकडे गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मिळकत दोघांची सामाईक असते. महाराष्ट्रात लग्नानंतरच्या कमाईत बायकोला असा आपोआप निम्मा हक्क नाही. पण वारं बदलतंय. 2021 साली आग्र्याच्या प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाने गृहिणींच्या नोटाबंदीतल्या अडीच लाखांपर्यंतच्या भरण्याला घरखर्चातली बचत मानलं, लपवलेलं उत्पन्न नाही. 2023 साली मद्रास उच्च न्यायालयाने म्हटलं, नवरा परदेशात कमावत होता तो बायको घर सांभाळत होती म्हणून. त्या पैशांतून घेतलेल्या काही मिळकतींत तिचा निम्मा वाटा मान्य केला. 2024 साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात नवऱ्यांना सुचवलं की गृहिणी पत्नीबरोबर संयुक्त खातं उघडा. हे निकाल म्हणजे देशभराचा कायदा नव्हे. पण उद्या आपण हक्क मागायला गेलो तर पहिला प्रश्न येणार, पुरावा काय? डाळीचा डबा साक्ष देत नाही. वही देते, पासबुक देतं.

मी बावीस वर्षं गटांच्या वह्या तपासते. हप्ता, व्याज, दंड, सगळं पैशापैशाने लिहिलेलं असतं. किराण्यातून वाचवलेल्या रकमेचा रकाना मात्र मी एकाही वहीत पाहिला नाही. ज्या पैशासाठी आपण सगळ्यांत जास्त राबतो, तोच आपण लिहीत नाही.

म्हणून तीन कामं सांगते. एक, प्रत्येकीचं स्वतःच्या नावाचं बँक खातं असावं आणि त्याचं कार्ड स्वतःच्या हातात असावं. दोन, दर महिन्याला बिलं जपून किराण्यातली खरी बचत काढा. बिलाखाली छापलेला 'तुम्ही वाचवले' हा आकडा धरू नका; घरखर्चाला मिळाले किती आणि खर्च झाले किती, हा आकडा धरा. तीन, ती रक्कम पन्नास रुपये असली तरी त्याच आठवड्यात स्वतःच्या खात्यात भरा, आणि घरात उघड सांगून भरा. लपवलेल्या पैशाला चोरी म्हणणं सोपं असतं.

काही घरांत उघड सांगणं सोपं नाही, मला माहीत आहे. मारहाण होते, पैसे हिसकावून घेतले जातात. असं घर असेल तर आधी गटाला सांगा. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्यात आर्थिक छळही हिंसाच मानलेला आहे. तिथे एकटीने लढायचं नाही, आपण सगळ्या जाऊ.

बाकीच्यांनी उद्यापासून सुरुवात करा. पुढच्या महिन्याच्या बैठकीला येताना हप्त्याबरोबर किराण्याची बिलं घेऊन या. आपण एकत्र बसून बेरीज करू.