पशुकथांतील राजनीती

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



स्नेहसंमेलनात चार शब्द बोलण्याचा मान मंडळाने यंदा आम्हांस दिला, याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत. विषयाची निवड आमच्यावरच सोपविण्यात आली होती. आम्ही सिंह, बैल आणि कोल्हे यांच्या गोष्टी निवडल्याचे कळताच एका स्नेह्यांनी विचारले, "मग आपले भाषण बालविभागात ठेवावयाचे काय?" त्यांचा विनोद आम्ही मान्य करतो. तथापि या गोष्टी मूळच्या केवळ मुलांसाठी नाहीत. त्या राज्य करणाऱ्यांसाठी आणि राज्य सोसणाऱ्यांसाठी रचल्या गेल्या, हेच आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

सत्ताधीशापुढे उघड बोलणे जिवावर बेतत असे, त्या काळी शहाण्यांनी आपले म्हणणे पशूंच्या मुखी घातले. फीड्रस नावाचा रोमन कथाकवी स्वतः गुलामगिरीतून मुक्त झालेला होता. गुलामाला मनातले उघड सांगण्याची सोय नव्हती, म्हणून त्याने ते गोष्टीच्या आवरणाखाली सांगितले, अशी या कथांची उपपत्ती त्याने दिली आहे. परंतु पशुकथेचा उपयोग केवळ आवरणापुरता नाही. एखाद्या पुढाऱ्याचे नाव घेतले की ऐकणारा तत्काळ त्याचा किंवा त्याच्या विरोधकाचा पक्ष घेतो. घोड्याचे नाव घेतले तर तो स्वस्थपणे गोष्ट ऐकतो, मनाशी न्याय करतो, आणि मागाहून त्याच्या ध्यानी येते की हा न्याय आपण आपल्याच विरुद्ध केला आहे.

याचे एक प्राचीन उदाहरण ॲरिस्टॉटलने आपल्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात नमूद केले आहे. सिसिली बेटावरील हिमेरा नगराच्या लोकांनी फॅलॅरिस यास सर्वाधिकारी नेमले होते, आणि आता त्यास अंगरक्षकांचे पथकही देण्याचे घाटत होते. तेव्हा स्टेसिकोरस या कवीने त्यांना एक गोष्ट सांगितली. एका कुरणात घोडा एकटाच चरत असे. एक हरिण येऊन ते कुरण तुडवू लागले. घोड्याला सूड घ्यावयाचा होता. त्याने माणसाचे साहाय्य मागितले. माणूस म्हणाला, "तोंडात लगाम घालून घे आणि मला हाती भाले घेऊन पाठीवर बसू दे." घोड्याने मान्य केले. माणूस पाठीवर बसला आणि सूड राहिला बाजूला, घोडाच माणसाचा दास झाला. कवीने पुढे बजावले की, नागरिकहो, लगाम तर तुम्ही घालून घेतलाच आहे. आता अंगरक्षक दिलेत, तर स्वारही पाठीवर बसेल.

ही गोष्ट वाचताना मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे वसई उभी राहिल्यावाचून राहत नाही. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशवे व शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरे बाजीराव इंग्रजांच्या आश्रयास गेले, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह झाला. इंग्रजांची कायमची तैनाती फौज पदरी घ्यावयाची, तिच्या खर्चासाठी वार्षिक २६ लक्ष रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावयाचा, आणि परराज्यांशी व्यवहार इंग्रजांच्या विचारानेच करावयाचा, असे त्या तहाने ठरले. बाजीरावांना पुण्याची गादी परत मिळाली, पण लगाम तोंडातच राहिला. १८१८ साली पेशवाईच उरली नाही. घरातील भाऊबंदावर मात करण्यासाठी बाहेरचा स्वार पाठीवर घेणाऱ्याची गत हिमेराच्या कवीने किती अगोदर सांगून ठेवली होती!

आपल्या पंचतंत्राची तर जन्मकथाच राजकीय आहे. अमरशक्ती राजाच्या तीन मंदबुद्धी पुत्रांना सहा महिन्यांत राजनीतीत निपुण करण्याचा विडा विष्णुशर्म्याने उचलला, अशी त्याची प्रस्तावना आहे. पहिले तंत्र मित्रभेदाचे. पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची मैत्री जडते. दमनक कोल्ह्याचा दरबारातील मान उतरतो. मग तो सिंहाला सांगतो की बैल राज्य बळकावू पाहत आहे, आणि बैलाला सांगतो की सिंह तुला मारणार आहे. येथवर ही साधी चहाडी झाली. खरी राजनीती पुढे आहे. शत्रुत्वाची लक्षणे कोणती, हेही तो दोघांस शिकवून ठेवतो. दोघे समोरासमोर येतात ते सावध होऊन, अंग आखडून. आणि प्रत्येकास दुसऱ्याच्या पवित्र्यात दमनकाच्या शब्दांचा पुरावा दिसतो. भयाने पवित्रा निर्माण केला आणि पवित्र्याने भय खरे ठरविले. प्रत्यक्ष झुंजीत दमनकाला नखही लावावे लागले नाही. बैल मेला, सिंह शोक करीत बसला, आणि दमनक पुन्हा मंत्री झाला.

हा शेवट सर्वांनाच रुचला असे नाही. सहाव्या शतकात इराणच्या खुस्रू अनुशिर्वान बादशहाच्या काळी हा ग्रंथ पहलवी भाषेत गेला, आणि आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा याने तो 'कलीला व दिम्ना' या नावाने अरबीत आणला. करटक आणि दमनक यांचीच ही रूपांतरित नावे. अरबी ग्रंथात एक नवे प्रकरण आढळते. त्यात दिम्नावर रीतसर खटला चालतो, साक्षी होतात, आणि त्याला देहान्त शिक्षा मिळते. हे प्रकरण सामान्यतः इब्न अल-मुकफ्फाचेच मानले जाते. राजसत्तेच्या सावलीत लेखणी चालविणाऱ्या या पुरुषाने कथेतील चहाडखोराला न्यायासनापुढे उभे केले. त्याला स्वतःला मात्र तसा न्याय लाभला नाही. खलिफा अल्-मन्सूरच्या कारकिर्दीत बसरा येथे त्याचा क्रूरपणे वध झाला.

अर्वाचीन काळातील ठळक उदाहरण जॉर्ज ऑर्वेलच्या 'ॲनिमल फार्म'चे. रशियातील क्रांतीची परिणती हुकूमशाहीत कशी झाली, हे तिने एका शेतवाडीतील जनावरांच्या द्वारे दाखविले. युद्धात सोव्हिएट रशिया हा ब्रिटनचा दोस्त असल्याने १९४४ साली अनेक प्रकाशकांनी ती नाकारली. ऑगस्ट १९४५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिच्यातील अधःपात रक्तपाताने सुरू होत नाही. डुकरे प्रथम दूध आणि सफरचंदे फक्त स्वतःसाठी राखून ठेवतात. कारण काय, तर बुद्धीचे काम करणाऱ्यांची प्रकृती सर्वांच्या हितासाठी सांभाळली पाहिजे! इतर जनावरे मान डोलावतात, आणि पुढचे सारे त्या मान डोलावण्यातून घडते. सार्वजनिक पैशाचा हिशेब पाहणाऱ्या प्रत्येक मंडळाने ते दूध आणि ती सफरचंदे स्मरणात ठेवावीत.

आता या कथांतील एक धोकाही सांगितला पाहिजे. निळीच्या पिंपात पडून रंगलेला चंडरव कोल्हा वनाचा राजा होतो. पण इतर कोल्ह्यांची कुई ऐकताच तोही ओरडतो आणि मारला जातो. स्वजनांना दूर लोटणाऱ्याचा नाश होतो, असे तात्पर्य ग्रंथ सांगतो. परंतु 'जो ज्या योनीत जन्मला त्याने तेथेच राहावे' असेही तात्पर्य काढणारे निघतात. तेही एक राजकारणच होय, आणि ते आम्हांस मान्य नाही. कोल्हा जन्माने कोल्हा असतो. माणूस आपल्या कृतीने दमनक होतो, आणि ती कृती टाकली की पुन्हा माणूस होऊ शकतो.

हे आम्ही अनुभवाने सांगत आहोत. पुष्कळ वर्षांपूर्वी वसतिगृहाच्या निधीवरून आपल्या दोन वडीलधाऱ्या कार्यकर्त्यांत वितुष्ट आले. दोघेही निःस्वार्थी होते. एकाचे अर्धवट वाक्य दुसऱ्याच्या कानी घालणाऱ्यांत आम्हीही होतो. त्यात आम्हांस मंडळाचे हितच दिसत होते. पुढे दोघे एकमेकांसमोर आले ते अंग आखडूनच. ते अखेरपर्यंत एका व्यासपीठावर बसले नाहीत, आणि वसतिगृहाचे काम कित्येक वर्षे लांबले. तोवर पंचतंत्र आम्ही अनेकदा वाचले होते. पण त्यातला दमनक दरवेळी आम्हांस दुसऱ्याच कोणात सापडत असे.

म्हणून आमची विनंती एवढीच. घरी मुलांना या गोष्टी अवश्य सांगाव्यात. मात्र गोष्ट संपल्यावर "यातला लबाड कोण?" एवढेच विचारून थांबू नये. "यात आपण कोण?" हेही विचारावे, आणि त्याचे उत्तर प्रथम वडील माणसांनी द्यावे.