नामंजुरी म्हणजे अखेर नव्हे
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत केलेले भाषण)



आपल्या नियोजित कन्या-वसतिगृहाचा नकाशा स्थानिक नगरपरिषदेने नामंजूर केला आणि मंडळाने त्यावर अपील दाखल केले, हे आपण जाणताच. आता देणगीदार कुटुंबे विलंबाचे कारण विचारीत आहेत, तर कित्येक बंधू म्हणतात की, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. भाऊबंदकीपुरती ही म्हण खरी आहे. परंतु कायद्याने ठेवलेली दाद मागणे म्हणजे तंटा करणे नव्हे. हे आपणांस समजावून सांगावे अशी कार्यकारिणीची आज्ञा झाल्यावरून आम्ही उभे आहोत.

आपल्या राज्यात ह्या बाबतीत महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ लागू आहे. त्याच्या ४४व्या कलमान्वये मालकाने अर्ज करावयाचा व ४५व्या कलमान्वये नगरपरिषदेने तो मंजूर, सशर्त मंजूर किंवा नामंजूर करावयाचा. मात्र नामंजूर केल्यास त्याची कारणे आदेशात नमूद करणे तिच्यावर बंधनकारक आहे. ह्या कारणांचे मोल मोठे आहे. मोहिंदरसिंग गिल यांच्या प्रकरणी १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने असा दंडक घालून दिला की, आदेशाची वैधता त्यात दिलेल्या कारणांवरूनच ठरावी. मागाहून प्रतिज्ञापत्रात नवी कारणे जोडता येणार नाहीत. यास्तव ‘साहेब नाही म्हणाले’ एवढ्यावर कोणीही परत फिरू नये. लेखी आदेश मागून घ्यावा.

६० दिवसांत निर्णय कळविला नाही तर परवानगी मिळाली असे मानण्यात येते, ही तरतूद पुष्कळांस ठाऊक आहे. तिच्यामागची अट थोड्यांस ठाऊक असते. नकाशा विकास नियंत्रण नियमांशी तंतोतंत जुळत असेल तरच हा लाभ मिळतो. नियमांविरुद्ध बांधल्यास ते काम अनधिकृतच ठरते.

नामंजुरीचा आदेश कळविल्यापासून ४० दिवसांच्या आत, ४७व्या कलमान्वये, राज्य शासनाकडे वा शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. हा अधिकारी उपसचिवाहून कमी दर्जाचा असू नये, असे कायदाच सांगतो. तेथे दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकून अपील फेटाळले जाते, किंवा परवानगी दिली जाते.

मग न्यायालयाचे स्थान कोठे? ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात १९८० सालापासून जमीन व पर्यावरण यांचे स्वतंत्र न्यायालय आहे. नगरपालिकेने नाकारलेल्या प्रस्तावाचा ते गुणदोषांवर नव्याने विचार करते व स्वतः परवानगीही देऊ शकते. आपली व्यवस्था निराळी आहे. १४९व्या कलमामुळे अशा आदेशाविरुद्ध दिवाणी दाव्याचा मार्ग सामान्यतः बंद आहे. संविधानाच्या २२६व्या अनुच्छेदाखाली उच्च न्यायालयाचे दार उघडे आहे खरे. परंतु अपिलाची सोय असता ती टाळून येणाऱ्यास न्यायालय बहुधा परत पाठविते. शिवाय ते नवा नकाशा तपासावयास बसत नाही. निर्णय कायद्यास धरून झाला की नाही, एवढेच पाहते. म्हणून अपिलाची पायरी प्रथम चढणे अवश्य होते.

आता आपल्या प्रकरणाकडे वळू. आदेशात दोन कारणे आहेत. पहिले, भूखंडाची पुढील पट्टी रस्तारुंदीत येते. हा आक्षेप न्याय्य आहे. रस्ता सर्वांचा आहे; त्यावर आपण हक्क सांगू नये. मंडळाने ती पट्टी मोकळी सोडून सुधारित नकाशा अपिलासोबत जोडला आहे. दुसरे कारण असे की, वसतिगृहामुळे शेजारच्या रहिवाशांची गैरसोय होईल. हे आम्हांस मान्य नाही. ४६व्या कलमाप्रमाणे अर्जाचा विचार विकास आराखड्याच्या तरतुदी ध्यानी घेऊन करावयाचा असतो. वसतिगृहास मनाई करणारी तरतूद आदेशात कोठेही दाखविलेली नाही. शेजाऱ्यांची नाखुषी म्हणजे नियम नव्हे. जे योग्य ते मान्य करावे आणि जे अयोग्य त्यावरच भांडावे, हेच अपिलाचे बळ होय.

काही तरुण बंधूंनी सुचविले आहे की, तूर्त पाया तरी भरून घ्यावा, पुढचे पुढे पाहता येईल. त्यांची तळमळ आम्ही जाणतो. तथापि परवानगीवाचून केलेले काम ५३व्या कलमाखाली नोटीस देऊन पाडता येते. देणगीचा पैसा अनेक घरांच्या पोटाला चिमटा घेऊन आलेला आहे. त्याचा राडारोडा झाल्यास उत्तर कोण देणार? कोणा वजनदार गृहस्थाकडून शब्द टाकवावा, अशीही सूचना आली. मिनतवारीने मिळालेली परवानगी उद्या कोणी आव्हान दिल्यास टिकणार नाही. कायद्याने मिळालेली टिकेल.

खेड्यापाड्यांतून शिकावयास येणाऱ्या आपल्या मुली आज नातलगांच्या घरी किंवा भाड्याच्या खोल्यांत दिवस काढीत आहेत. विलंबाची झळ त्यांनाच लागते, हे आम्ही विसरलेलो नाही. म्हणून सभेस दोन विनंत्या आहेत. निकाल लागेपर्यंत इमारत निधी बँकेत अबाधित ठेवावा. आणि तोवर ज्या कुटुंबांस शक्य असेल त्यांनी एकेका मुलीची सोय आपल्या घरी करावी, नावे आजच चिटणिसांकडे द्यावीत. निकाल विरुद्ध गेल्यास उच्च न्यायालयात जावे किंवा कसे, हे आदेश वाचून ह्याच सभेने ठरवावे.