पाळी जाण्याचा काळ आणि वाढणारे वजन

(महिला मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. मी बँकेत लिपिक आहे. कला शाखेची पदवी घेतली आणि गेली बावीस वर्षे लोकांच्या खात्यांचा हिशेब करीत आले. आजचा विषय मी वाचला नंतर, आधी तो माझ्या अंगावर आला. कार्यक्रम ठरत असताना एका ताईंनी मला हळूच सुचविले, "सभागृहात पुरुषमंडळी असतील, पाळी हा शब्द जरा जपून वापरा." ताईंवर माझा राग नाही. पण तो शब्द मी वापरणार आहे, कारण तो वेळीच न उच्चारल्यामुळे माझे नुकसान झाले.

वयाच्या ४२व्या वर्षी माझे वजन ५७ किलो होते. ४६व्या वर्षी ते ६४ झाले. हातपाय तसेच राहिले, पोट आणि कंबर मात्र वाढली. ब्लाऊज उसवून घ्यावे लागले. ऑफिसात थट्टा झाली, घरात "जरा खाण्यावर लक्ष ठेव" असे ऐकावे लागले. मी कुणाला काही बोलले नाही. रात्रीचे जेवण बंद केले. ओळखीतल्या एकीने दिलेली वजन उतरवण्याची पावडर दुपारच्या डब्याऐवजी घेऊ लागले. दीड महिन्यात ४ किलो उतरले आणि सगळ्यांनी कौतुक केले.

मग एका सोमवारी, ऐन गर्दीच्या वेळी, हातात नोटांचे बंडल असताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी काउंटरमागे खाली बसले. तपासणीत हिमोग्लोबिन ८.४ निघाले. ते किमान १२ असावे लागते. डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "पाळी कशी येते?" वर्षभर ती वीस-बावीस दिवसांनी येत होती आणि आठ-आठ दिवस राहत होती. 'जायच्या वेळी असे व्हायचेच' असे समजून मी गप्प होते. अंगातून रक्त जात होते आणि मी वरून अन्न तोडले होते. ते ४ किलो पुढच्या पाच महिन्यांत परत आले. रक्त भरून निघायला मात्र त्याहून जास्त दिवस लागले.

भगिनींनो, हे सगळे का होते, ते मला समजले तसे सांगते.

सलग बारा महिने पाळी आली नाही, म्हणजे ती गेली असे मानतात. आपल्या देशात हे साधारण ४६-४७व्या वर्षी घडते, पाश्चात्त्य देशांत ५१च्या सुमारास. पण पाळी एका दिवसात जात नाही. त्याआधीची काही वर्षे इस्ट्रोजेन या संप्रेरकाची पातळी वरखाली होत राहते. पाळी मागेपुढे होते, अंगातून वाफा निघतात, रात्री घाम येऊन झोप मोडते. याच काळात पूर्वी मांड्यांवर व नितंबांवर साठणारी चरबी पोटाकडे साठू लागते. १९९६ साली अमेरिकेत तीन हजारांहून अधिक स्त्रियांचा या काळातला अभ्यास सुरू झाला, तो वर्षानुवर्षे चालला. या संक्रमणात चरबी वाढण्याचा वेग वाढतो आणि स्नायू घटू लागतात, असे त्यात दिसून आले.

"या वयात शरीराची भट्टीच मंदावते, आता काय उपयोग?" असे आपण म्हणतो. ते तितकेसे खरे नाही. २०२१ साली २९ देशांतील सहा हजारांहून अधिक माणसांच्या मोजमापावरून असे दिसले की, शरीराच्या आकारमानाचा हिशेब धरला तर वीस ते साठ वर्षांपर्यंत हा खर्च जवळपास सारखाच राहतो. बदलते ते आपले चालणे, झोप आणि स्नायू. बँकेच्या भाषेत सांगायचे तर स्नायू हे मुद्दल आहे. उपाशी राहून वजन उतरवले की चरबीबरोबर मुद्दलही जाते. पुन्हा जेवू लागलो की चरबी लवकर परत येते, मुद्दल तितक्या लवकर येत नाही. माझ्या पावडरीने हेच केले.

आता थोडे गणित. मध्यमवयात वजन सरासरीने वर्षाला अर्धा किलोच्या आसपास वाढते. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. अर्ध्या किलोच्या ३,८५० झाल्या. त्यांना ३६५ दिवसांनी भागा. दिवसाला दहा-साडेदहा कॅलरी येतात, म्हणजे अर्धा चमचा साखर! शरीर काही खातेवहीइतके काटेकोर चालत नाही, हे मला ठाऊक आहे. पण एवढे कळते की ही वाढ कुणाच्या अधाशीपणाची खूण नाही. ती थेंबाथेंबाने येते आणि तिला थेंबाथेंबानेच परतवावे लागते. माझ्याच बाबतीत पाहा. ऑफिसात चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. आठ चमचे म्हणजे ४० ग्रॅम, म्हणजे १६० कॅलरी. माझ्या वर्षाला पावणेदोन किलोचा बराचसा उलगडा तिथेच झाला.

संयुत्त निकायात कोसलचा राजा प्रसेनजित याची एक कथा आहे. राजा भरपूर भात खाऊन धापा टाकीत भगवान बुद्धांकडे आला. जेवताना भान ठेवावे, आपले प्रमाण ओळखावे, असा उपदेश तथागतांनी केला. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला, आपण जेवायला बसलो की हा उपदेश म्हणून दाखवण्याचे काम दिले. राजाने अन्न टाकले नाही, क्रमाक्रमाने भाताचे माप कमी करीत आणले. ही कथा वाचताना माझ्या मनात आले, राजाच्या पानाजवळ कुणीतरी बसत होते. आपल्या पानाजवळ कोण बसते? आपण सर्वांत शेवटी जेवतो, एकट्या. भाजी संपलेली असते, वरण तळाला गेलेले असते. मग भात आणि लोणचे, वर मुलांनी टाकलेली अर्धी पोळी, 'वाया कशाला घालवायची' म्हणून. पोट भरते, पण रक्त आणि स्नायू यांना लागणारे अन्न पोटात जात नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, आणि २४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त होते. मी एकटीच या दोन्ही आकड्यांत बसत होते.

मी काय केले ते सांगते. पहिले, तपासणी. रक्त, साखर, थायरॉईड, रक्तदाब. थायरॉईड मंदावल्यानेही वजन वाढते, म्हणून सगळा दोष वयावर टाकू नये. पाळी फार जास्त जात असेल, किंवा बारा महिने बंद होऊन पुन्हा रक्त दिसले, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. कुणी पहिल्याच भेटीत "पिशवी काढून टाका" म्हणाले तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड भगिनींच्या बाबतीत काय उघडकीस आले, ते आपण विसरू नये.

दुसरे, ताट. भात निम्मा केला. त्या जागी घट्ट वरण, मोड आलेली मटकी, अंडे किंवा मासळी आली. भाकरी राहिली, पालेभाजी वाढली. चहा दोन कप, एक-एक चमचा साखर. आणि मी घरच्यांबरोबर एकाच वेळी जेवायला बसते. यावर थोडी कुरबुर झाली. आता पोळ्या आधी करून ठेवतो, ज्याला हवे ते ज्याने त्याने वाढून घ्यावे. बंधूंनो, या विषयात तुमचे काम एवढेच आहे, पण ते फार मोठे आहे.

तिसरे, हालचाल. आठवड्याला किमान १५० मिनिटे जरा झपाट्याने चालणे, आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम. मी दोन स्टॉप आधी उतरते. घरी खुर्चीवरून हात न टेकता पंधरा वेळा उठते-बसते आणि पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलते. यंत्र नाही, फी नाही.

चौथे, काट्याऐवजी टेप. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून मोजावे. आपल्याकडील स्त्रियांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी. त्यापुढे मधुमेह आणि हृदयविकार यांचा धोका वाढतो. माझी ९१ होती, दीड वर्षात ८५ झाली. वजन ६४चे ६१ झाले. ५७ पुन्हा दिसेल असे वाटत नाही, आणि आता त्याची खंतही नाही. हिमोग्लोबिन १२.३ आहे.

२०२५पासून वजन उतरवण्याची आठवड्याला घ्यायची नवी इंजेक्शनेही आपल्या देशात मिळू लागली. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ती घ्यावीत. शेजारणीने घेतली म्हणून आपण घेऊ नयेत. त्यांच्याबरोबरही पुरेसे अन्न आणि व्यायाम लागतोच.

शेवटी विद्यार्थी मित्रमैत्रिणींना एक विनंती. तुमची आई चिडचिड करते, रात्री उठून बसते, जाड झाली म्हणून तुम्ही तिला हसता, तेव्हा तिचे वय आठवा. आज घरी गेल्यावर तिला विचारा, "आई, तू जेवलीस का? काय जेवलीस?" माझ्या मुलीने मला हे विचारले, पण मी काउंटरमागे पडल्यानंतर. तुम्ही तितकी वाट पाहू नका.