सायकलस्वार आणि कोलकात्याचे रस्ते

उपनगरांतून भल्या पहाटे कोलकात्यात येणाऱ्या सायकली जरा निरखून पाहाव्यात. कोणाच्या हँडलला दुधाच्या किटल्या लटकलेल्या असतात, कोणाच्या कॅरिअरवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा असतो. कोणी गवंडी थापी-ओळंबा पिशवीत घालून कामावर निघालेला असतो. बसभाड्याचे वाचलेले पैसे संसाराच्या कामी येतात.

या शहरात २००८ पासून काही प्रमुख रस्त्यांवर सायकलींना मज्जाव होऊ लागला. २०१३ मध्ये अशा रस्त्यांची संख्या १७४ वर गेली. सायकलींमुळे वाहतूक मंदावते, असे कारण देण्यात आले. (कोणामुळे कोण खोळंबतो, हे सायकलस्वारास विचारले असते तर उत्तर निराळे मिळाले असते!) सायकल हाती धरून चालावे, गल्लीबोळांतून वळसा घ्यावा, नाहीतर दंड भरावा, एवढेच मार्ग त्याला उरले. मोटारवाल्यास तो दंड क्षुल्लक वाटेल. रोजंदारीवर जगणाऱ्याच्या मात्र त्या दिवसाच्या कमाईलाच कात्री लागे. पुढे निषेध झाला, तेव्हा ही यादी ६२ रस्त्यांवर आली.

मग २०२० ची टाळेबंदी आली. ती शिथिल होऊ लागली तरी उपनगरी गाड्या नोव्हेंबरपर्यंत बंदच होत्या आणि बसगाड्या अपुऱ्या पडत होत्या. कचेऱ्या व दुकाने तर उघडावयाची होती. तेव्हा त्याच शहराच्या पोलिसांनी सायकलींवरील निर्बंध सैल केले, आणि एरवी बसची वाट पाहणारे कारकूनही सायकलीवर बसून कामावर जाऊ लागले.