नाशिकहून घरी काय न्यावे?

श्रोतेहो, यात्रेहून परतणारा माणूस हात हलवीत घरात शिरला, तर आपल्याकडे ते बरे दिसत नाही. लेकीला खण, पोरांना खाऊ, शेजाऱ्यांना प्रसाद, असा वाणवळा देण्याची आपली जुनी रीत. म्हणूनच रामकुंडावरचे स्नान, काळारामाचे दर्शन आटोपले, की जो तो विचारतो: आता न्यायचं काय?

पहिली वस्तू जवळजवळ फुकटची, ती म्हणजे गोदावरीचे पाणी. नाशिककर तिला गंगाच म्हणतात. तांब्याच्या लहानशा गडूत ते भरून न्यावे. पण ते देव्हाऱ्यात ठेवण्यासाठी, पिण्यासाठी नव्हे.

नाशिकची तांब्यापितळेची भांडी पूर्वापार नावाजलेली. भांडी बाजारात जाताना खिशात एक लोहचुंबक असू द्या. तांबे किंवा पितळ चुंबकाला चिकटत नाही. समई चिकटली, तर समजा की आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा! भांडे वजनावर घ्यायचे असेल, तर भाव आधी ठरवा आणि काटा स्वतः पाहा. स्वयंपाकासाठी पितळेचे पातेले घेतलेत, तर कल्हई केल्याशिवाय वापरू नका. बिनकल्हईच्या भांड्यात आमटी-ताक कळकते, आणि ते पोटाला बाधते.

आता पैठणीकडे वळू. नाशिकपासून पूर्वेला सुमारे ऐंशी किलोमीटरवर येवले आहे. तिथल्या विणकरांच्या घरी माग पाहायला मिळतो. काठावरचा नि पदरावरचा मोर भरतकामाने काढलेला नसतो. निरनिराळ्या रंगांच्या छोट्या कांड्या हाताने ओवून, एकेक धागा मोजून तो विणतात. साध्या पैठणीला काही आठवडे लागतात, भरगच्च पदराच्या पैठणीला कित्येक महिने. २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले.

आणि फसगत होते तीही इथेच! यंत्रावर विणलेले लुगडे दुरून हुबेहूब पैठणीसारखे दिसते. ओळखायचं कसं? पदर उलटा करा. हातमागाच्या पैठणीची नक्षी उलट बाजूनेही जवळजवळ सुलटीसारखीच स्वच्छ दिसते. यंत्राच्या कापडावर बहुधा मागे सुटे किंवा कापलेले धागे लोंबताना आढळतील. यंत्राची साडी घेऊ नये असे मी म्हणत नाही. ऐपत असेल तसे घ्यावे; पण यंत्राच्या मालाला यंत्राचाच दाम द्यावा. लेकीच्या लग्नासाठी साठवलेले पैसे हातमागाच्या नावाखाली जातात, तेव्हा दोघे बुडतात. एक गिऱ्हाईक, आणि दुसरा तो विणकर. स्वस्त नक्कल त्याच्याच नावाने खपते, अन् त्याचा माग रिकामा राहतो. एवढी मोठी खरेदी परवडत नसेल, तर पैठणीच्या विणीचा बटवा किंवा खणाएवढा तुकडाही प्रेमाने देता येतो.

खाऊ मात्र शेवटच्या दिवशी घ्यावा. नाशिकचा चिवडा ताजा, कुरकुरीत असतानाच बांधून घ्या, आणि घरी पोचताच घट्ट झाकणाच्या डब्यात काढा. माघ-फाल्गुनात आलात, तर द्राक्षांची करंडी न्या. घड हातात धरून हलवा. मणी गळले, तर माल शिळा.

थोडे घ्यावे, पारखून घ्यावे, आणि देताना ती वस्तू कुणी व कशी घडवली तेही सांगावे. मग ऐकणाऱ्यालाही नाशिक थोडे पाहिल्यासारखे वाटेल.