चूक गाण्यातली, दुरुस्तीही गाण्यातच

परवा बचत गटाच्या बैठकीत विषय निघाला. वरातीत डीजेवर बाईला हिणवणारी गाणी वाजतात आणि आपण गप्प बसतो. म्हणून आज आम्ही ॲडम याउक या गायकाची गोष्ट आणली आहे.

ॲडम न्यूयॉर्कचा. ‘बीस्टी बॉईज’ या तिघांच्या गटात तो रॅप करायचा, म्हणजे ठेक्यावर भरभर बोलत गायचा. १९८६ साली त्यांचा अल्बम आला आणि तुफान गाजला. पण गाण्यांत बायकांची टिंगल होती. कार्यक्रमात तर पिंजऱ्यात बाया नाचवत.

पुढे ॲडम नेपाळला गेला. तिथे त्याला तिबेट सोडून आलेली माणसं भेटली. मग दलाई लामांची प्रवचनं ऐकली आणि तो बुद्धाच्या वाटेला लागला. त्या वाटेवरची सम्यक वाचा आपल्यातल्या बौद्ध भगिनींना ठाऊकच आहे: बोलण्यानं कुणाला दुखवू नये.

१९९४ च्या अल्बममध्ये त्यानं बोधिसत्त्वाच्या व्रतावर गाणं केलं. त्यातल्याच दुसऱ्या गाण्यात, बायकांचा अपमान आता थांबला पाहिजे, असं म्हणून आया-बहिणींना मान दिला. १९९६ साली तिबेटसाठी सॅन फ्रान्सिस्कोत मोठा कार्यक्रम घेतला. २०१२ साली, अवघ्या ४७ व्या वर्षी, तो कर्करोगानं गेला.

जुनी गाणी पुसता येत नाहीत. पण चारचौघांत केलेली चूक त्यानं चारचौघांतच सुधारली. पुढच्या लग्नात आम्ही डीजेवाल्या पोराला आधीच सांगणार आहोत. तुम्हीही सांगा.